लॅपटॉपवरून दिवे : लुकलुक आणि अडखळता अंधार

प्रश्न : एका कलाप्रकल्पासाठी आम्ही अंधाऱ्या दालनात आठ एलईडी पार दिवे (रंगमंचावरचे झोतदिवे) लावले असून प्रेक्षकाच्या हालचालीप्रमाणे ते लॅपटॉपवरून मंद-प्रखर होतात. मात्र दिवे मध्येच लुकलुकतात आणि सावकाश विझवताना शेवटी अडखळत खाली येतात. जोडणीसाठी साधे यूएसबी अडॅप्टर वापरले आहे. पुढे दिव्यांच्या याच केबलच्या ओळीवर छताचा फिरता पडदाही चालवता येईल का?

उत्तर : या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. रंगमंचावरचे दिवे प्रामुख्याने डीएमएक्स ५१२ या १९८६ साली आलेल्या पद्धतीने चालतात. तिच्यात एका ओळीवर ५१२ चॅनेल (दिव्याची प्रखरता किंवा रंग अशी एकेक गोष्ट ठरवणारे क्रमांक) असतात, प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ यांपैकी एक किंमत मिळते आणि सगळे चॅनेल भरलेले असले तरी हा संच सेकंदाला सुमारे ४४ वेळा पुन्हा पाठवता येतो. साध्या अडॅप्टरमध्ये या संदेशाचे वेळेचे गणित लॅपटॉपलाच सांभाळावे लागते. त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्र तपासण्यात तो गुंतला की संदेश विस्कळीत होण्याची शक्यता असते. हालचाल ओळखणारा प्रोग्राम बंद करून सर्व दिवे एकाच किमतीवर स्थिर ठेवून पाहा. लुकलुक थांबली, तर साध्या अडॅप्टरऐवजी स्वतःचा मायक्रोकंट्रोलर (छोटा संगणक-चिप) असलेला इंटरफेस घ्यावा, कारण तो शेवटच्या किमती लक्षात ठेवून स्वतःच पाठवत राहतो. (खर्चात काटकसर करायचीच असेल, तर ती इथे करू नये.) लुकलुक तरीही राहिली, तर दोष बहुधा केबलमध्ये आहे. माइकची केबल न वापरता डीएमएक्सची वापरावी, ओळीला फाटे न फोडता एका दिव्यातून पुढच्या दिव्यात न्यावी आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (संदेश टोकावरून उलटा फिरू न देणारा रोधक) लावावा.

अडखळण्याचे मूळ २५६ पायऱ्यांतच आहे. एका मिनिटात दिवा पूर्ण विझवायचा, तर एक पायरी साधारण पाव सेकंद टिकते. वरच्या टोकाला ती जाणवत नाही, पण किंमत २ वरून १ झाली की प्रकाश जवळजवळ निम्मा होतो आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो धक्का लगेच कळतो. दिव्यात १६ बिटची सोय असल्यास ती निवडावी. तिच्यात दोन चॅनेल मिळून ६५,५३६ पायऱ्या होतात, म्हणून दिव्यांना पत्ते (त्यांच्या पहिल्या चॅनेलचे क्रमांक) देताना प्रत्येक दिव्याचे वाढलेले चॅनेल मोजून पुढचा पत्ता ठरवावा. तशी सोय नसल्यास दिव्यापुढे करडा फिल्टर लावावा, म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी दिवा वरच्या किमतींवर चालेल आणि खालच्या ठळक पायऱ्याही फिक्या पडतील. प्रोग्राममध्ये दिवा मंदावण्याची वक्ररेषा बदलल्याने पायऱ्या वाढत नाहीत, फक्त त्यांची वेळ बदलते.

पडदा मात्र या ओळीवर जोडू नये. संदेश बिघडला आहे का, हे तपासण्याची व्यवस्था डीएमएक्समध्ये नाही. दिव्याच्या बाबतीत त्याचा परिणाम क्षणभराच्या लुकलुकीपुरता राहतो, डोक्यावरच्या मोटारीच्या बाबतीत अपघात होऊ शकतो. तिच्यासाठी स्वतंत्र नियंत्रक आणि हाताशी आपत्कालीन बंद-बटण हवे.