लग्न होऊन जळगावला जाणार आहे, पुण्यात नोकरी करते. खान्देशात नोकरीवाली सून चालते का?

ताई, चालते. पण तुम्ही विचार करताय तसा प्रश्न आमच्याकडे नाहीच. बाईने काम करू नये असं इथे कोणी म्हणत नाही, उलट कामाशिवाय बसलेली सून कोणाला बघवत नाही.

मी अमळनेरकडची, सासर धुळ्याजवळचं. माझ्या सासूबाई सकाळी भाकरी थापून, गोठा आवरून कापूस वेचायला जातात, कमरेला ओटी बांधून, आणि बोंडाची टोकं लागून दिवाळीनंतर बोटं सोललेली असतात. निंदणी, वेचणी सगळी बायांच्या जिवावर. पण रुग्णालयात फॉर्म भरताना व्यवसायापुढे काय लिहिलं? गृहिणी! त्यांनीच सांगितलं तसं लिहायला. सातबाऱ्यावर नाव सासऱ्यांचं. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने नुसता अर्ज दिला तरी बायकोचं नाव लागतं, पण आमच्या गावात तो अर्ज कोण देतं सांगा.

मजुरीचंही तेच, समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला, आणि अजून बाईचा रोज वेगळा, माणसाचा वेगळा.

तर खरी अडचण कामाची नाही, बाईच्या नावावर पैसा येण्याची आहे, आणि ती नजरेआड जाण्याची. शेतात दिवसभर राबली तर चालतं, पण ऑफिसमधून साडेसातला आली की लगेच, "मंग सयपाक कोन करी?" शिक्षिका किंवा नर्स असाल तर मात्र कौतुक, कारण वेळ ठरलेली आणि लोकांना सांगायला बरं.

माहेरचंही ऐका. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क, तरी किती बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात, कारण सही नाही केली तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी झोका खेळायला बोलावणार कोण ही भीती. मी स्वतः अजून सही केलेली नाही, त्यामुळे भाऊ फोनवर जरा तुटक बोलतो, असो.

आणि सगळा खान्देश एक धरू नका. सातपुड्यात, नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा लोकांत हुंडा नाही, मुलाकडचेच मुलीकडच्यांना देज, म्हणजे वधूमूल्य, देतात, कारण घरातून एक कमावता हात जातो हे तिथे मानतात. आमचे लोक त्यांना मागास म्हणतात आणि स्वतः हुंड्याला "पोरीला प्रेमाने दिलं" म्हणतात! अर्थात देज दिलं म्हणून बाईचं ऐकतात असंही नाही, जातपंचायतीत निवाडा करायला माणसंच बसतात.

तुम्ही साखरपुड्याआधी नवऱ्यालाच विचारा (सासूला नंतर), पगार कोणाच्या खात्यात राहणार, बदली झाली तर कोण कोणाच्या मागे जाणार, आणि त्याला वरणभाताचा कुकर तरी लावता येतो का. "आईला विचारून सांगतो" म्हणाला तर पुण्याची नोकरी एवढ्यात सोडू नका.