शिलावर्तुळं बघायला निघताय? आधी एवढं करा

नागपूरला राहता ना? मग इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे, म्हणजे उंच दगडी खांबांच्या वर्तुळाचे, फोटो डोक्यातून काढा आणि काटोल रोडवरचं जुनापाणी गाठा. लोहयुगातली सुमारे ३०० शिलावर्तुळं, म्हणजे दगडांच्या गोल घेरातली दफनस्थळं, आहेत तिथे. उंच उभे खांब शोधत बसू नका, नवख्यांची पहिली चूक तीच. इथे घेरावर बेसॉल्टचे मोठे दगड मांडलेले असतात आणि आत दगडमातीची भर.

- आधी पूर्ण घेर चालून बघा. मग कागदावर साधा आराखडा काढा. फोटो नंतर.
- काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. तिरप्या उन्हात ते छान दिसतात, म्हणून सकाळी लवकर जा. दगडाला खडू लावायचा नाही.
- खळग्यांचा दगड घेराच्या कोणत्या दिशेला आहे, ते लिहा. होकायंत्र दगडावर ठेवू नका, बेसॉल्टमुळे काटा ढळतो.

खळग्यांच्या दिशांचा सूर्य-ताऱ्यांशी मेळ घालायची घाई सगळ्यांनाच होते! सध्या राहू द्या. खापराचा तुकडा दिसला तर जागेवरच असू द्या, स्थळ संरक्षित आहे. आणि पावसाळ्यात जाऊ नका, गवतात अर्धे दगड दिसतच नाहीत. जुनापाणी झालं की नागपूरजवळचंच माहूरझरी बघा, तिथेही अशी शिलावर्तुळं आहेत.