सात वर्षं वेणी घातली, आता भेटायचीही चोरी

घटस्फोटानंतर सावत्र आई-वडिलांचं नातं कायद्यात कुठे उभं राहतं, हे विचारणारी इंदूरमधल्या वाचकांची चार पत्रं आहेत. पत्रं लांब होती. प्रश्न थोडक्यात देते, नावं गाळली आहेत.

लग्न झालं तेव्हा यांची मुलगी तीन वर्षांची होती, तिची आई वारलेली. सात वर्षं मीच तिचं सगळं केलं. आता आम्ही परस्पर संमतीने वेगळे होतोय. हे म्हणतात, “ती तुझी कोण?” मला तिला भेटता येईल का? (लोकमान्यनगर)

ताई, आधी कटू ते सांगते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते दिलं आहे, आणि सावत्र आई-वडील त्यात धरायचे नाहीत, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम १९ म्हणतं की वडील हयात आहेत आणि अपात्र नाहीत, तोवर दुसऱ्या कुणाला पालक नेमायचं नाही. त्यामुळे “मुलगी माझ्याकडे द्या” हा दावा कमकुवत आहे. त्यात वर्षं आणि पैसा घालवू नका.

भेटीचं मात्र वेगळं आहे. तिथे न्यायालय मुलीचं हित पाहतं, आणि दहा वर्षांच्या मुलीला आपलं मन सांगता येतं. १८९० च्या कायद्याचं कलम १७ न्यायालयाला तिचं म्हणणं विचारात घ्यायला मोकळीक देतं. तिला आठवतंय तेव्हापासून तिची आई तुम्हीच आहात. तुमच्या बाजूला याहून मोठा मुद्दा नाही.

तुमच्या हातातलं सर्वांत मोठं साधन अजून शाबूत आहे : तुम्ही संमतीच्या अर्जावर सही केलेली नाही. भेटीची अट त्या अर्जातच घाला. “अधूनमधून भेटू द्यावे” असं मोघम लिहू नका, अशी वाक्यं पहिल्याच भांडणात निकामी होतात. महिन्यातले कोणते रविवार, किती ते किती, कुणी आणायचं, कुणी सोडायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत किती दिवस, वाढदिवसाला फोन, शाळेच्या गॅदरिंगला हजर राहायची मुभा, हे सगळं लिहून घ्या. संमतीच्या घटस्फोटात एरवी पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर असतं. त्या काळात भेटी सुरू ठेवा, म्हणजे घडी बसते.

कागद आत्ताच गोळा करा : लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या डायरीवरच्या तुमच्या सह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. आपल्या मध्य प्रदेशात समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंब-नोंदणीचा क्रमांक, असतो. तुम्ही दोघी एकाच परिवार आयडीत आहात, त्याचा प्रिंट नाव वेगळं होण्याआधी काढून ठेवा.

ते अटींना तयार झालेच नाहीत, तर कौटुंबिक न्यायालयात अर्ज करा. मुलगी नेहमी राहते तिथलंच न्यायालय चालतं. आज ते इंदूरचं आहे. उद्या त्यांनी तिला पुण्याला हलवलं, तर तुम्हाला पुण्याच्या फेऱ्या घालाव्या लागतील. वकिलाच्या फीसाठी अडू नका. महिलांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात ‘मूल’ या शब्दात सावत्र मूलही येतं, आणि कलम २१ खाली पीडित बाईला मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. तुमच्यावर खरोखर हिंसा झाली असेल तरच हा रस्ता धरा. खोट्या तक्रारीची झळ सर्वांत आधी त्या मुलीलाच बसेल.

पत्नीच्या पहिल्या लग्नातल्या मुलाला शाळेत माझं आडनाव लावलं. आता ती घटस्फोट मागते आणि मुलाचा खर्चही. द्यावा लागेल का? आडनाव परत घेता येईल का? (टिळकनगर)

सगळं एका प्रश्नावर अडतं : दत्तकविधान झालं होतं का? रीतसर झालं असेल, तर तुम्ही त्याचे वडील आहात आणि कायमचे आहात. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दत्तक रद्द होत नाही, आणि त्याच्या आईशी घटस्फोट झाला तरी ते नातं तुटत नाही. मग खर्च द्यावा लागेल, पण भेटही वडील म्हणून मागता येईल.

झालं नसेल, तर नुसत्या आडनावाने दत्तक होत नाही. निर्वाहाची जबाबदारी जन्मदात्या आई-वडिलांवर राहते. वारसा हक्काचंही तसंच. सावत्र मुलगा तुमचा वारस नाही, काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागेल. आडनावाचं म्हणाल, तर पहिला नवरा वारल्यावर मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क आईचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अकेला ललिता प्रकरणात दिला. नव्या नवऱ्याचा उल्लेख कागदोपत्री ‘सावत्र वडील’ असा करायला लावणं क्रूरपणाचं आहे, असंही तिथे सुनावलं. तेव्हा आडनावाच्या मागे लागू नका. आणि कायदा सक्ती करत नसला, तरी या वर्षाची शाळेची फी भरून टाका. वर्ष अर्ध्यात असताना तो हिशोब त्या मुलावर नको.

माझ्या पतीला माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला दत्तक घ्यायचंय. घटस्फोटित पहिला नवरा संमती देत नाही. (सुदामानगर)

तो हयात आहे, तर त्याची संमती लागतेच. संन्यास, धर्मत्याग किंवा न्यायालयाने ठरवलेलं मनोवैकल्य हेच काय ते अपवाद. ताबा तुमच्याकडे आहे म्हणून त्याचा होकार गैरलागू होत नाही. १९५६ च्या दत्तक कायद्यात सर्वसाधारणपणे मूल पंधरा वर्षांच्या आतलं असावं लागतं, म्हणजे तुमच्याकडे दोन वर्षंही पुरती नाहीत. वकिलामार्फत, शक्य तर मध्यस्थासमोर, त्याच्याशी बोलणी लावा. तो का अडतोय हे नीट ऐकून घ्या. पुष्कळदा मुलगा कायमचा तुटेल ही भीती असते, आणि भेटींची लेखी हमी दिली की माणूस नरमतो.

वय ७२. पती वारले. मला मूलबाळ नाही. ज्याला वाढवलं तो सावत्र मुलगा कमावता आहे, पण म्हणतो, “तू माझी आई नाहीस.” (रामबाग)

आजी, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ‘पालक’ या शब्दाच्या व्याख्येतच सावत्र आई आहे. त्याआधी १९९६ मध्येही, गुजरातच्या कीर्तिकांत वडोदरिया प्रकरणात, अपत्य नसलेली विधवा सावत्र आई सावत्र मुलाकडे पोटगी मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, न्यायाधिकरणात अर्ज करा. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि मुलाला नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. तिथवर जाणं जमत नसेल, तर तुम्ही सांगाल ती व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीने अर्ज देऊ शकते.