मांजरीचे कान असलेल्या रोबो मुली ॲनिमेत स्टार का असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'एका जुन्या सायन्स फिक्शन ॲनिमेत मांजरीच्या कानांच्या दोन रोबो बहिणी पाहिल्या, जातील तिथे सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावरच. अशी पात्रं जपानी मालिकांमध्ये पुन्हा पुन्हा का येतात? हे नुसतं नटवणं आहे की त्यामागे काही विचार आहे? आणि यातलं काय पाहू?'

आधी थेट उत्तर देते. नटवणं आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चांगल्या लेखकाच्या हातात त्या कानांना काम असतं. रोबो कुणीतरी बनवलेला असतो आणि कुणाच्या तरी मालकीचा असतो. कंपनीने घडवलेल्या गायिकेचंही बरंचसं तसंच असतं: केस कसे ठेवायचे, कुणाबरोबर दिसायचं, कुठलं गाणं गायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. मांजर मात्र घरात पाळली तरी स्वतःच्या मर्जीनेच राहते. म्हणून टाळ्या मिळवण्यासाठी बनवलेल्या यंत्रात कुठेतरी त्याची स्वतःची मर्जी शिल्लक आहे, हे दाखवायचं असेल तर मांजर फार उपयोगी पडते. माझ्या आवडत्या मालिकांमध्ये तरी मला हेच दिसतं.

तुम्ही पाहिलेल्या दोघी बहुतेक ॲनापुमा आणि युनिपुमा असाव्यात, 'डॉमिनियन टँक पोलीस'मधल्या पुमा बहिणी. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मासामुने शिरो यांची, तेच 'घोस्ट इन द शेल'वाले. तिच्यावरून केलेली चार भागांची ॲनिमे १९८८-८९ मध्ये आली, टीव्हीवर न दाखवता थेट व्हिडिओ कॅसेटवर. गोष्ट न्यूपोर्ट नावाच्या शहरात घडते. हवा इतकी विषारी झालेली असते की माणसं मास्क लावल्याशिवाय बाहेर पडू शकत नाहीत, आणि गुन्हेगारी इतकी वाढलेली की पोलीस रणगाडे घेऊन फिरतात. पुमा बहिणी बुआकू नावाच्या गुंडाच्या टोळीत आहेत. पहिल्याच गोष्टीत ही टोळी इस्पितळावर धाड घालते, कशासाठी तर निरोगी माणसांचे लघवीचे नमुने चोरायला, कारण प्रदूषण न भिनलेलं शरीर हीच तिथे दुर्मीळ वस्तू झालेली असते. तिथे या बहिणी पोलिसांसमोर चक्क नाच सुरू करतात आणि कपडे उतरवून त्यांचं लक्ष उडवतात.

हा प्रसंग आज पाहताना अवघडल्यासारखं होतं, आणि तसं होणं योग्यच आहे. मात्र त्या बहिणी मुळात कशासाठी बनवल्या गेल्या हे लक्षात ठेवून तो बघा. त्या पुरुषांच्या करमणुकीसाठी तयार केलेल्या यंत्रबाहुल्या होत्या. जे काम त्यांच्याकडून करून घेतलं जायचं तेच त्या आता स्वतःच्या फायद्यासाठी, हातात मशीनगन घेऊन करतात. मालक कुणी नाही. बुआकूशीही त्यांचं नातं मालक-नोकराचं नसून साथीदाराचं आहे, आणि तोही त्यांच्यासारखाच कृत्रिमरीत्या घडवलेला जीव आहे. शिरोंनी हे सगळं हसण्यावारी नेलंय, त्यामुळे त्यातली गंभीर बाजू सहज निसटते.

कानांची पद्धत मात्र याहून जुनी, आणि ती रोबोंच्या गोष्टीतून आलेली नाही. जपानी लोककथांमध्ये माणसाचं रूप घेणारी मांजर फार पूर्वीपासून आहे. पण आजचं गोड मांजरमुलीचं रूप रुळवण्यात युमिको ओशिमा यांच्या मांगाचा मोठा हात आहे. 'वाता नो कुनी होशी' ही त्यांची मांगा १९७८ साली सुरू झाली. चिबिनेको हे मांजरीचं पिल्लू, मोठं झाल्यावर आपण माणूस होणार अशी त्याची पक्की समजूत. ओशिमांनी ते पिल्लू कान-शेपटीवाल्या छोट्या मुलीसारखं काढलं. वाचकाला मुलगी दिसते आणि गोष्टीतल्या इतर माणसांना साधं मांजराचं पिल्लू. म्हणजे ते चित्र चिबिनेको स्वतःला कसं पाहते त्याचं आहे. ही कल्पना मला विलक्षण वाटते. पुढच्या कितीतरी चित्रकारांनी कान तेवढे उचलले आणि ही दृष्टी मागेच ठेवली.

ती मागे न ठेवणारी मालिका म्हणजे युझो ताकादा यांची 'नुकूनुकू'. तुम्ही एकच काही पाहणार असाल तर ही पाहा. १९९२-९३ मध्ये तिचे सहा भाग कॅसेटवर आले. क्युसाकू नात्सुमे हा शास्त्रज्ञ मिशिमा हेवी इंडस्ट्रीज या अवाढव्य कंपनीसाठी स्त्रीच्या रूपातला रोबो बनवतो. त्याचा वापर शस्त्रासारखा व्हायला नको म्हणून रोबो आणि आपला लहान मुलगा र्युनोसुके यांना घेऊन तो पळ काढतो. कंपनीची प्रमुख कोण, तर त्याची बायको अकिको. पाठलागात र्युनोसुकेने रस्त्यावरून उचलून घेतलेलं मांजर जिवानिशी जातं, आणि बाप त्या मांजरीचा मेंदू रोबोच्या शरीरात बसवतो. तीच नुकूनुकू. पुढे ती र्युनोसुकेची थोरली बहीण म्हणून घरात राहते, शाळेत जाते, आणि आईच्या कंपनीने पाठवलेल्या यंत्रांशी मारामाऱ्या करते.

इथली मांडणी नीट पाहा. नेहमीच्या रोबोकथेत यंत्राला हळूहळू मन फुटतं. इथे मन आधीपासून आहे, ते मांजरीचं आहे, आणि कोट्यवधींचं यंत्र त्याच्या सेवेला आहे. ज्या मुलाने रस्त्यावरून उचललं त्याच्यावर तिचा जीव आहे, एवढंच तिला कळतं. कंपनीच्या कागदोपत्री ती मालमत्ता आहे, आणि तिच्या लेखी त्या कागदाला काडीची किंमत नाही. आई-बापाच्या भांडणात पोरगं कुणाकडे राहणार, हा या विनोदी मालिकेतला खरा दुखरा प्रश्न आहे, आणि त्यात पोराच्या बाजूने ठामपणे उभी राहते ती ही मांजर. हसवता हसवता एवढं सांगणारी मालिका मला तरी दुसरी माहीत नाही. दिसायला ती बहुतेक वेळ साध्या शाळकरी मुलीसारखीच आहे. मांजरपण तिच्या वागण्यात आहे.

आता प्रसिद्धीकडे येऊ. नुकूनुकूचा आवाज मेगुमी हायाशिबारा यांचा. त्यांचं प्रशिक्षण मुळात नर्सचं. नव्वदच्या दशकात त्या जपानमधल्या सर्वांत लोकप्रिय आवाज-कलाकारांपैकी एक होत्या, गायिका म्हणून त्यांचे अल्बम निघत, आणि 'इव्हँगेलिऑन' या गाजलेल्या ॲनिमेमधल्या रेई आयानामीचा आवाजही त्यांचाच. तेव्हा पडद्यावर यंत्र आणि पडद्यामागे खरी स्टार, अशी जोडी होती.

ही जोडीच विषय म्हणून घेतली ती 'मॅक्रॉस प्लस'ने, १९९४-९५ मध्ये. शेरॉन ॲपलला मांजरीचे कान नाहीत, तरीही तिच्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. ती संगणकाने घडवलेली गायिका, आकाशगंगेत सर्वांत लोकप्रिय. जाहीरपणे सांगितलं जातं की ती पूर्ण कृत्रिम आहे. प्रत्यक्षात तिची निर्माती म्युंग मंचामागे यंत्राला जोडून बसते आणि भावना तिच्याच वापरल्या जातात. एके काळी म्युंग स्वतः गायची, ते तिने सोडून दिलेलं असतं. पुढे बेकायदा चिप बसवून शेरॉनला स्वतःची जाणीव दिली जाते आणि ती गाण्याने अख्खं शहर भारून टाकते. योको कान्नो यांचं संगीत असं आहे की ऐकणाराही थोडा वेळ त्या भुलीत सापडतो. शेरॉनकडे मर्जी येते तेव्हा ती उसनी असते, म्युंगची दाबून टाकलेली इच्छा घेऊनच ती जागी झालेली असते. नुकूनुकूशेजारी तिला ठेवून पाहा. एकीला स्वतःचं मन आहे आणि मंच नको. दुसरीकडे मंच आहे आणि मन दुसऱ्याचं. मालिका आल्यावर लगेचच, १९९६ मध्ये, होरीप्रो या जपानी कंपनीने क्योको दाते नावाची संगणकनिर्मित गायिका खरोखरच बाजारात आणली. २००७ मध्ये हात्सुने मिकू ही तशीच संगणकनिर्मित गायिका आली, आणि तिच्यामागेही साकी फुजिता या कलाकाराचा आवाज आहे.

आपल्याकडच्या मुलांना मात्र यातलं सर्वांत ओळखीचं घर डोरेमॉनचं. मराठी घरांतली एक अख्खी पिढी हिंदी डोरेमॉन बघत वाढली, माझी भाचीही. तो मांजररोबो आहे हे पुष्कळ मुलांच्या लक्षातच राहत नाही, कारण त्याला कान नाहीत. ते का नाहीत याची गोष्ट '२११२: डोरेमॉनचा जन्म' या १९९५ च्या छोट्या चित्रपटात आहे, आणि तिच्यात नोराम्याको नावाची रोबो मांजरमुलगी आहे. ती नर्तिका, डोरेमॉनची मैत्रीण. रोबो उंदीर डोरेमॉनचे कान कुरतडून टाकतो. नोराम्याको त्याला पाहते आणि तिला हसू आवरत नाही. तो खचतो, उत्साह येण्यासाठी म्हणून चुकून भलतंच औषध पितो आणि इतका रडतो की अंगाचा पिवळा रंग गळून निळा होतो. मुलांच्या चित्रपटात हे फार हळुवारपणे दाखवलंय: कान गेले म्हणजे लोक आपल्याला ओळखणार कसे, ही त्याची भीती. नंतर सगळ्या मालिकाभर लोक त्याला मांजर सोडून भलताच प्राणी समजतात आणि तो दर वेळी चिडतो. तो आधी पिवळा होता हे कळलं की बहीण डोरेमी पिवळी का, हेही कळतं.

अलीकडच्या काळातली मला सर्वांत भिडलेली मालिका म्हणजे २०२१ ची 'विवी: फ्लोराइट आयज् साँग'. विट स्टुडिओची, तेरा भागांची. पुन्हा कानांशिवाय. डिवा (हीच विवी) ही निआलँड नावाच्या करमणूक उद्यानात गाणारी रोबो, सुरुवातीला तिच्यासमोर प्रेक्षक जवळजवळ नसतातच. या जगाचा नियम असा की प्रत्येक यंत्राला एकच जीवितकार्य मिळतं. हिचं काय, तर गाण्याने सगळ्यांना सुखी करणं, आणि त्यासाठी मनापासून गायचं. पण 'मनापासून' म्हणजे काय, हे तिला कुणी सांगत नाही. मात्सुमोतो नावाचं यंत्र शंभर वर्षांनंतरच्या काळातून येतं आणि माणसं व यंत्रं यांच्यातलं युद्ध टाळायला तिची मदत मागतं. पुढची शंभर वर्षं ती एकीकडे गायिका म्हणून मोठी होत जाते आणि दुसरीकडे लपूनछपून इतिहास बदलत राहते. मधला एक टप्पा असा येतो की तिला गाताच येत नाही, ती संग्रहालयात ठेवलेली वस्तू होते, आणि तिथे ती वर्षानुवर्षं स्वतःचं एक गाणं रचत बसते. मला तिथे नुकूनुकूची आठवण आली. शेवट सांगत नाही.

एक गोष्ट गोष्टींबाहेरची, पण तुमच्या प्रश्नाला फार जवळची. शेन्झेनच्या पुडू रोबोटिक्सने बेलाबॉट नावाचा वाढपी रोबो काढला: चार ताटल्यांचे कप्पे, वर मांजरीचे कान आणि पडद्यावर मांजरीचा चेहरा. जपानमध्ये स्कायलार्क या उपाहारगृहांच्या साखळीने २०२१ पासून असे सुमारे ३००० रोबो आणले. तिथे लोक त्याला मांजररोबो म्हणूनच ओळखतात, मुलं त्याच्यामागे फिरतात, फोटो काढतात. त्याच्या कानांवरून हात फिरवला तर तो खूश होतो, आणि फारच कुरवाळत बसलात तर वैतागतो. हा वैताग कंपनीने मुद्दाम घातलाय. सगळं निमूट ऐकणारं यंत्र आपल्याला आवडत नाही. थोडी कुरकुर करणारं आवडतं. ताकादांना हे तीस वर्षं आधी कळलं होतं. असंच एक उपकरण २०११ मध्ये जपानच्या न्यूरोवेअरने दाखवलं होतं, मेंदूच्या लहरींवर हलणारे कृत्रिम मांजरकान: लक्ष एकाग्र झालं की ताठ, मन निवलं की खाली. म्हणजे माणसानेच यंत्राचे कान लावून आतलं काय ते दाखवायचं.

पाहण्याचं म्हणाल तर घरात लहान मुलं असतील तर २११२ ची गोष्ट, बिनधास्त. तुमच्यासाठी नुकूनुकूचे १९९२ चे सहा भाग आधी, १९९८ ची टीव्ही मालिका नंतर आणि तीही जमली तरच. तिच्यात मूळची धार कमी आहे. मग मॅक्रॉस प्लस. तिची चार भागांची आवृत्ती आणि एकत्र केलेला चित्रपट दोन्ही आहेत, मी चित्रपट सुचवेन, त्यात शेरॉनच्या मैफिली जास्त खुलतात. आधीचं मॅक्रॉस पाहिलेलं नसलं तरी काही अडत नाही. विवी मात्र सलग बघा, मधले भाग गाळू नका, कारण शेवटच्या गाण्यात आधीच्या प्रत्येक भागातलं काहीतरी आहे. पुमा बहिणी तुम्ही पाहिल्याच आहेत. पुन्हा पाहायच्या ठरवल्या तर जपानी आवाजातच पाहा, इंग्रजी आवृत्तीत संगीतच बदललेलं आहे. डॉमिनियन आणि मॅक्रॉस प्लस दोन्ही मुलांबरोबर बसून पाहण्याजोग्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा.