सरकत्या खोलीची निगा : वाचकांचे प्रश्न

मोटरहोमच्या कुशीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीबद्दल, म्हणजे स्लाइड-आउटबद्दल, आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरं.

प्रश्न : आमची गाडी जून ते सप्टेंबर सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, खोली आत घेऊन उभी असते. तरी पलंगाखालचा प्लाय ओला लागतो. खोलीभोवतीच्या सीलचं रबर मऊ राहावं म्हणून दर महिन्याला खोबरेल तेल लावतो. सील बदलावं का?
एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी तेल थांबवा. तेलावर धूळ बसते, तिचा काळा राप तयार होतो आणि खोली सरकताना तोच पॉलिश पेपरसारखा भिंतीचा रंग खातो. ग्रीस आणि पेट्रोलियम जेली तर त्याहून वाईट. हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि खनिज तेलाने ते फुगून लिबलिबीत होतं. साबणाच्या पातळ पाण्याने सील पुसा, पूर्ण वाळू द्या, मग ड्राय सिलिकॉन स्प्रे कापडावर मारून हलका हात फिरवा. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा हे कराच. गाडी सतत वापरात असेल तर दर तीन महिन्यांनी.

आता सील बदलण्याचं. त्यात दोन भाग असतात. पोकळ, फुगीर भाग दाबून बसतो आणि पातळ पट्टी खोलीच्या अंगावरचं पाणी निपटते. फुगीर भाग बोटाने दाबून सोडा. लगेच वर आला तर रबरात जीव आहे. चपटाच राहिला किंवा घडीवर भेगा दिसल्या तर बदला. खोली बंद करताना सीलमध्ये कागदाची पट्टी धरा आणि नंतर ओढून बघा. जिथे ती अडत नाही, सहज सुटून येते, तिथे दाब नाही. चारही कोपरे नीट तपासा. सीलचे जोड तिथेच असतात आणि गळतीची सुरुवातही बहुतेकदा तिथूनच होते. पातळ पट्टी कुठे आत मुडपली असेल तर जुन्या एटीएम कार्डाने तिची कड बाहेर काढा.

मुंबईत सील चांगलं असूनही पाणी येण्याचं एक कारण म्हणजे झाडाचा पाला. रेन ट्रीची बारीक पानं खोलीच्या छतावर साचतात, खोली आत घेताना सीलखाली सापडतात आणि मग समईतल्या वातीसारखी पाणी ओढत राहतात. एवढंसं एक पान रात्रभरात पलंगाखाली ओल आणायला पुरतं. म्हणून खोली आत घेण्यापूर्वी शिडी लावून छत झाडा आणि लांब दांड्याच्या वायपरने पाणी उतरवा. गाडी उभी असताना पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप मिळेल त्या दिवशी, खोली दोन तास बाहेर काढा. सील चिकटत नाही आणि आतला दमटपणाही निघून जातो.

ओल गळतीची की हवेतल्या दमटपणाची, हेही ठरवता येतं. प्लाय पुसून त्यावर फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून चिकटवा. चोवीस तासांनी थेंब प्लॅस्टिकच्या खाली असतील तर पाणी प्लायमध्ये मुरलेलं आहे. वर असतील तर ती हवेतली वाफ. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोचून बघा. ते सहज रुतलं तर तेवढा तुकडा कापून आयएस 710 मार्कचा मरीन प्लाय घाला आणि त्याच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या. कडा उघड्या राहिल्या तर मरीन प्लायही टिकणार नाही.

प्रश्न : खोली अर्ध्यावर अडकली आहे. एक बाजू दुसरीच्या दीड इंच पुढे आहे. बटण दाबलं की नुसता टिक् आवाज येतो. बॅटरी नवी आहे.
एक वाचक, ठाणे

उत्तर : बटण दाबत राहू नका. तुमच्या वर्णनावरून ही भिंतीतल्या दोन मोटरांची रचना दिसते. दोन्ही बाजूंना एकेक मोटर असते, प्रत्येकीचे फेरे सेन्सर मोजतो आणि कंट्रोलर दोघींना बरोबरीने चालवतो. एकीला व्होल्टेज कमी मिळालं की ती मागे पडते, खोली तिरकी होते आणि घासू लागते.

बॅटरी नवी असणं पुरेसं नाही. मल्टिमीटर बॅटरीवर नाही, कंट्रोलरच्या टर्मिनलवर लावा, आणि तोही मोटर जोर घेत असताना. तिथे 12 व्होल्टच्या खाली आकडा घसरला तर दोष बहुधा वायरमध्ये किंवा जोडांत आहे. हिशेब बघा. बॅटरी सहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर तांब्याची तार झाली. 6 चौरस मिलिमीटरच्या तारेत 30 अँपिअरला सुमारे 1.1 व्होल्ट वाटेतच जातात; 16 चौरस मिलिमीटरच्या तारेत जेमतेम 0.4. गाडी बांधणारे इथेच काटकसर करतात, याचं वाईट वाटतं. अर्थिंगचा बोल्टही काढा. त्याखाली रंग किंवा गंज असेल तर घासून लख्ख धातू दिसू द्या.

खोली सोडवताना हँडब्रेक लावा, चार्जर किंवा इंजिन चालू ठेवा आणि आत किंवा खाली काही अडकलेलं नाही ना ते बघा. मग उत्पादकाच्या पुस्तकातल्या रीतीने मोटरी मोकळ्या करा. मागे पडलेली बाजू हाताने पुढे आणा, दोन्ही कडांचं अंतर टेपने मोजून सारखं करा. मोटरी पुन्हा जोडून खोली शेवटपर्यंत न्या आणि दोन्ही मोटरी थांबल्यावरही बटण तीन-चार सेकंद दाबून ठेवा. मोजणी तिथून नव्याने जुळते. या रचनेची खोली मध्येच थांबवायची सवय नको. मोटरी मोकळ्या ठेवून गाडी रस्त्यावर मात्र कधीही काढू नका. वळणावर खोली आपोआप बाहेर येऊ शकते.

प्रश्न : व्हॅनिटी व्हॅन चालवतो. चित्रनगरीत उतारावर उभं राहावं लागतं, तिथे खोली उघडताना करकर आवाज येतो.
एक चालक, गोरेगाव

उत्तर : उतारावर चेसिस पिळलं जातं, भिंतीतली चौकट काटकोनात राहत नाही आणि खोलीचा एक कोपरा घासतो. आधी पाणसळ फरशीवर आडवी आणि उभी ठेवून बघा. जॅकखाली जाड फळ्या द्या, कारण ओल्या मातीत जॅक तासाभरात खचतो. गाडी समतल झाली की मगच खोली उघडा. काही उत्पादक उलटा क्रम सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच पाळा. खोली सरकत असताना तिच्यात कोणी बसू नये आणि फरशीवर केराचा कण नको. सोड्याच्या बाटलीचं एक झाकण रोलरखाली आलं तरी फरशीला लांबच लांब चर पडतो.

बसच्या चेसिसवर बांधलेली व्हॅन असेल तर गाडीला बहुधा 12-12 च्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट दिलेले असतात आणि खोलीची मोटर 12 ची असते. त्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच 12 व्होल्ट काढले असतील तर ती बॅटरी लवकर मरते. वेगळी 12 व्होल्टची बॅटरी लावून घ्या.

प्रश्न : अलिबाग-गुहागरला किनाऱ्यालगत मुक्काम असतो. परतल्यावर काय करावं?
एक वाचक, बोरिवली

उत्तर : खोली उघडून तिला सरकवणाऱ्या दातेरी पट्ट्या कोरड्या ब्रशने झाडा, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने मीठ पुसा. प्रेशर वॉशर नको. तो वाळू सीलखाली ढकलतो. सुकल्यावर पट्ट्यांवर ड्राय पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे मारा, एकदा आत-बाहेर करा आणि दातांत राहिलेली वाळू पुन्हा ब्रशने काढा.