बेंच प्रेस करताना खांदा दुखतो, जिम सोडून द्यावी का?

जिम सोडू नका भाऊ, फक्त बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डोक्यावरचे प्रेस दोन-तीन आठवडे बंद ठेवा. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते आणि पुढे गेल्यावर कमी होते, असं तुम्ही लिहिलंय. ही कळ साधारण 60 ते 120 अंशांत येत असेल तर बहुतेक रोटेटर कफचं दुखणं असतं. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे हे चार छोटे स्नायू.

जळगावात जिम लावली तेव्हा माझंही हेच झालं होतं. कोपरं अंगापासून पार काटकोनात फाकवून बार खाली आणायचो, वर ट्रेनर म्हणायचा, अजून पाच किलो टाक! कोपरं 45 अंशांच्या आसपास आणली, तेव्हा कुठे फरक पडला.

सोबत एक व्यायाम. कुशीवर झोपा, दुखरा हात वर, काखेत टॉवेलची घडी, कोपर कमरेला टेकलेलं. हातात पाण्याची लिटरची बाटली घेऊन पंजा हळू वर न्या. 15 वेळा, तीन सेट. रोइंग, म्हणजे वजन अंगाकडे ओढायचा व्यायाम, चालू ठेवा.

'रावेरला मजूर केळीचे घड वाहतात, त्यांचे खांदे कुठे दुखतात?' असं म्हणणारे भेटतील. त्यांचेही दुखतात, फक्त ते सांगत नाहीत.

रात्री दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपता येत नसेल, हात उचलतच नसेल किंवा मुंग्या येत असतील तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि डाव्या खांद्यासोबत छातीत दडपण, घाम असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.