नाताळ कुणाचा, बोकड कुणी जाळला आणि पेढे कुणी द्यायचे

ताई, आम्ही चौघं मित्र रोज संध्याकाळी मेणवलीच्या घाटावर बसतो. परवा एकजण म्हणाला ख्रिसमस इंग्रजी पण नाताळ हा अस्सल मराठी शब्द, दुसरा म्हणाला छे तोही बाहेरचाच. अर्धा किलो कंदी पेढ्यांची पैज लागलीय. कोण जिंकलं?
– एक वाचक, वाई

अस्सलवाल्याला म्हणावं पाकीट काढ. नाताळ पोर्तुगीजांकडून आलाय, त्यांच्याकडे नाताल, मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. ज्या गलबतांतून पाव आला, बटाटा आला, काजू, चावी, पगार असले शब्द आले त्याच गलबतांतून हाही उतरला आपल्या किनाऱ्यावर. पण जिंकलेल्यानेही फार उड्या मारू नयेत, कारण इतकी शतकं तोंडात असलेल्या शब्दाला बाहेरचा म्हणायचं तर मग महिन्याचा पगारही परत करावा लागेल ना! शाळेत आपण 'नाताळची सुट्टी'च म्हणायचो, ख्रिसमस व्हेकेशन वगैरे नंतर आलं.

याच शब्दाची गावंही आहेत बरं का. ब्राझीलमध्ये नाताल नावाचं शहर आहे, ते वसलं 25 डिसेंबर 1599 ला म्हणून नाव ते. आणि वास्को द गामा 1497 च्या डिसेंबरात आफ्रिकेला वळसा घालून इकडे येत होता तेव्हा नाताळाच्या सुमाराला जो किनारा दिसला त्याचं नाव त्याने नाताल ठेवून टाकलं, तेच ते आजचं क्वाझुलू-नाताळ. गांधीजींनी 1894 मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस काढली ती तिथलीच. मी पाचवी-सहावीत असताना मला खरंच वाटायचं की गांधीजींनी नाताळ साजरा करायला काहीतरी मंडळ काढलेलं, बाईंना विचारायची हिंमत झाली नाही.

आणि एक सांगू का, तुम्ही ज्या घाटावर बसून भांडताय तिथे देवळाजवळ ती मोठी घंटा टांगलीय ती कधी नीट बघितलीत का? 1739 ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली एक मेणवलीला आली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. म्हणजे बारा महिने नाताळ शेजारी टांगलेला आणि तुमची पैज शब्दावर! पेढे तिथेच वाटा.

व्हॉट्सॲपवर आलंय की एक्समस लिहिणं म्हणजे ख्रिस्ताचं नाव मुद्दाम खोडणं. खरं का?
– एक वाचक, सोलापूर

नाही हो. ती इंग्रजी एक्स नाहीच मुळी, ग्रीक अक्षर आहे, ख्रिस्त हे नाव ग्रीकमध्ये त्याच अक्षराने सुरू होतं. जुने लोक शेकडो वर्षं तसंच लिहीत आले. फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हे फॉरवर्ड करा.

मी नोकरीसाठी पणजीला आलेय. गेल्या नाताळला घरमालकीणबाईंनी गोडाचं भरलेलं ताट पाठवलं आणि कोंसुआद का असं काहीतरी म्हणाल्या. म्हणजे काय? आणि ताट मी तसंच धुऊन परत दिलं, चुकलं का?
– एक वाचक, मूळ नांदेड

दुसरं आधी. चुकलं. आपल्याकडे दिवाळीत शेजारून फराळाचं ताट आलं तर रिकामं परत देतो का आपण? निदान चिमूटभर साखर तरी घालतात ना आई लोक. तर यंदा दिवाळीचे लाडू-चिवडा आठवणीने खाली पाठवा, हिशोब मिटेल.

आता शब्द. पोर्तुगालमध्ये कोंसुआद म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं घरच्यांबरोबरचं जेवण. गोव्यात येता येता जेवण मागे पडलं आणि शेजारीपाजारी पाठवायचं गोडाचं ताट उरलं, मंगळूरकडे त्यालाच कुस्वार म्हणतात. त्यात नेवऱ्यो असतात म्हणजे आपली करंजीच की, शिवाय दोदोल, कुलकुल, थराथराचा बेबिंक. मला विचाराल तर दोदोल. नारळाचं दूध आणि गूळ ढवळून ढवळून हात मोडतो तेव्हा ते जमतं, त्यामुळे कुणी दिलं तर नाही म्हणू नये.

ताई, आमच्या ग्रुपमधला एकजण स्वीडनला आहे, तो सांगतो तिथे एका गावात दर नाताळला गवताचा प्रचंड बोकड उभारतात आणि लोक तो जाळतात. थापा मारतोय ना?
– एक वाचक, पुणे

थापा नाहीत. गावाचं नाव येव्ले, स्टॉकहोमच्या वरच्या अंगाला. 1966 पासून चौकात पेंढ्याचा बोकड उभा करतात, 13 मीटर उंच म्हणजे चार मजली इमारत धरा. पहिल्याच वर्षी 31 डिसेंबरच्या रात्री कुणीतरी काडी लावली आणि तेव्हापासून जी परंपरा पडली ती पडलीच, उभारणारे उभारतात, जाळणारे टपून असतात, आणि हा गुन्हा आहे बरं, सण नव्हे. 1976 ला एकाने गाडीच घातली त्याच्या अंगावर. 2001 ला एका अमेरिकन टुरिस्टने पेटवला, त्याचं म्हणणं मला वाटलं इथे हे चालतं, मित्रांनी तसंच सांगितलं होतं! तुरुंगात बसला बिचारा. (तुमच्या मित्राच्या ओळखीचे नसावेत ते मित्र.) 2005 ला जाळणाऱ्यांतला एकजण म्हणे सांताक्लॉज बनून आलेला.

बोकडच का? तर तिकडे ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून ऐन हिवाळ्यात यूल नावाचा सण असायचा, आणि थोर या देवाचा रथ बोकड ओढतात अशी त्यांची कथा. नंतर सण नाताळात मिसळला, शब्द आणि बोकड दोन्ही राहिले. सांताक्लॉजच्या आधी तिथे भेटवस्तू आणायला बोकडच यायचा, आणि शेजारच्या फिनलंडमध्ये तर सांताला आजही योलुपुक्की म्हणतात, शब्दशः यूलचा बोकड. लाल कोटातला दाढीवाला आजोबा, नाव मात्र बोकड.

2023 ला सगळा बंदोबस्त चोख होता, आग लागली नाही. पण त्या साली पेंढ्यात दाणे जरा जास्तच राहून गेले होते, ते कावळ्यांच्या जातीच्या पाखरांना कळलं आणि त्यांनी चौकात बसून दिवसाढवळ्या बोकड सोलून खाल्ला. आता कावळ्यांवर कुठला पोलीस केस घालणार.